मिरचीच्या मातीला उन्हाचे औषध

स्पेनच्या आग्नेय टोकाला मुर्सिया नावाचा प्रांत आहे. मुर्सिया शहरातून दक्षिणेला कार्ताहेना बंदराकडे निघाले, की रस्ता प्रथम डोंगर चढू लागतो. पुएर्तो दे ला कादेना ही खिंड ओलांडली, की समोर एकदम सपाट मैदान पसरते. मैदानाच्या पलीकडच्या कडेला पाण्याची चकाकती रेघ दिसते. प्रथमच येणाऱ्या प्रवाशाला मात्र समुद्र वाटेपेक्षा लवकर आल्याचा भास होतो, कारण पाण्याच्या बऱ्याच अलीकडे, शेतांच्या मधोमध, पांढरी चमक ठिकठिकाणी डोळ्यांवर येत असते. जवळ गेल्यावर उलगडा होतो. ही चमक प्लास्टिकची आहे. लोखंडी खांबांवर ताणलेल्या प्लास्टिकखाली येथे ढोबळी मिरची पिकते.

या मैदानाचे नाव काम्पो दे कार्ताहेना, म्हणजे कार्ताहेनाचे शिवार. वर्षाकाठी येथे जेमतेम ३०० मिलिमीटर पाऊस पडतो. आपल्याकडच्या माण-खटावच्या दुष्काळी पट्ट्यातही याहून जास्त पडतो! पूर्वी येथे पवनचक्क्या फिरत. त्यांना लाकडी पात्यांऐवजी जहाजासारखी तिकोनी शिडे लावलेली असत. त्यांतल्या काही धान्य दळत आणि काही विहिरीचे पाणी उपसत. त्यांचे गोल दगडी बुरूज अजून शेतांतून उभे आहेत. काहींना पुन्हा शिडे चढवून हौसेने जपले आहे, तर काहींवर कबुतरे बसतात. १९७९ साली ताहो नदीचे पाणी सुमारे ३०० किलोमीटर अंतरावरून कालव्याने या खोऱ्यांत आले आणि शिवाराचा चेहरा बदलला. उघड्यावर खरबूज, कोबीवर्गीय भाज्या, सॅलडची पाने आणि प्लास्टिकखाली मिरची असा येथला संसार सुरू झाला. युरोपातल्या थंड देशांत बाजारात लाल, पिवळी, हिरवी मिरची कागदी खोक्यांत सजून बसते, त्यांतली कितीतरी या गावांतून गेलेली असते. सान हाविएर, सान पेद्रो देल पिनातार, तोर्रे पाचेको आणि प्रांताची हद्द ओलांडताच लागणारे पिलार दे ला ओरादादा ही ती गावे.

मिरची या भूमीला नवी नाही. कोलंबसाची जहाजे १४९३ मध्ये परतली तेव्हा अमेरिकेतून जी नवलाई स्पेनमध्ये आली, त्यात मिरची होती. पुढे पोर्तुगीजांच्या गलबतांतून ती गोव्याला उतरली आणि आपल्या फोडणीत गेली ती कायमचीच. मुर्सियात ती तिखट राहिली नाही. येथे न्योरा नावाची लहान, गोल, लाल मिरची वाळवून ठेवतात. गुण आपल्या ब्याडगीसारखा, रंग भरपूर आणि तिखटपणा बेताचा; खरे तर ब्याडगीहूनही कमी. किनाऱ्यावरचे कोळी लोखंडी कढईत मासे आणि न्योरा उकळून त्या रश्शात भात शिजवतात. कढईला काल्देरो म्हणतात आणि भातालाही काल्देरोच. या बाजूला येणाऱ्याने तो चाखल्याशिवाय जाऊ नये.

एरवी या हरितगृहांत डोकावले तर डोक्याच्या वर गेलेली हिरवी रांग दिसते. डिसेंबर-जानेवारीत रोपे लावायची, वसंतात तोडा सुरू करायचा आणि ऑगस्टपर्यंत चालू ठेवायचा, असा येथला हिशेब. आतले काम कष्टाचे. ते करणारे हात पुष्कळदा मोरोक्कोहून आलेल्या माणसांचे असतात. कीटकांच्या बाबतीत हे शिवार फार पूर्वीच शहाणे झाले. फुलकिडे आणि पांढरी माशी यांच्यावर विषारी फवारे मारण्याऐवजी येथे त्यांना खाणारे बारीक ढेकूण आणि कोळी मुद्दाम सोडले जातात. फुलकिड्यांनी औषधांना दाद देणे सोडले, तेव्हा शेतकऱ्यांनी ही वाट धरली. आज मिरचीच्या ओळींच्या टोकाला पांढऱ्या नाजूक फुलांची झाडे लावलेली दिसली, तर ती शोभेसाठी नसून या मित्रकीटकांच्या खाण्यापिण्याची सोय असते.

पण ऑगस्टच्या अखेरीस याच हरितगृहांत गेले, तर चित्र निराळेच असते. मिरचीचे झाड औषधालाही सापडत नाही. सगळी दारेखिडक्या बंद. आत या टोकापासून त्या टोकापर्यंत जमिनीवर पारदर्शक प्लास्टिकची चादर अंथरलेली, तिच्या पोटाला पाण्याचे थेंब लगडलेले. आणि वास येतो तो मिरचीचा नव्हे, मेंढवाड्याचा!

मुळांतल्या गाठी

हा सगळा खटाटोप ज्याच्यासाठी, तो प्राणी डोळ्यांना दिसत नाही. त्याला मराठीत सूत्रकृमी म्हणतात. नाव अगदी नेमके आहे. सुताच्या धाग्यासारखा हा कृमी बाल्यावस्थेत अर्ध्या मिलिमीटरहूनही आखूड असतो. तो मातीतल्या ओलाव्यातून सरपटत कोवळ्या मुळाच्या टोकाशी येतो, आत शिरतो आणि एका जागी ठाण मांडतो. मग तो मुळाला अशी काही चेतना देतो, की तेथल्या पेशी फुगून राक्षसी आकाराच्या होतात. त्या याच्या दुभत्या गाई! झाड पानांत अन्न तयार करते, ते या पेशींत येते, आणि कृमी ते बसल्या जागी शोषतो. भोवतालचे मूळ सुजते आणि गाठ तयार होते. मादी वाढता वाढता नाशपातीसारखी गोल होते आणि चिकट पिशवीत तीन-चारशे, कधी पाचशेही अंडी घालते. नराची गरज तिला सहसा लागतच नाही. उबदार जमिनीत हे सारे महिनाभरात आटोपते आणि नवी पिढी शेजारच्या मुळाकडे निघते. मिरचीच्या एका हंगामात अशा कितीतरी पिढ्या होऊन जातात.

शेतकऱ्याला कळते ते उशिरा. दुपारी झाड माना टाकते. पाणी कमी पडले असे वाटून तो पाणी वाढवतो, तरी दुसऱ्या दिवशी तेच. पाने पिवळी पडतात, फळ लहान राहते. टोमॅटोच्या किंवा काकडीच्या मुळांवर या गाठी ठसठशीत दिसतात. मिरचीच्या मुळांवर त्या बारीक असतात, मण्यांसारख्या, त्यामुळे घाईत पाहणाऱ्याच्या नजरेतून निसटतात. शिवाय गाठ म्हणजे मुळाला पडलेले दार. त्यातून बुरशीही आत येते, आणि दोघे मिळून झाड आडवे करतात.

गंमत अशी, की या कृमीची पहिली नोंदच मुळी हरितगृहातली आहे. १८५५ साली इंग्लंडमध्ये माइल्स बर्कले नावाच्या धर्मोपदेशकाने, जे वनस्पतींचे नामांकित अभ्यासकही होते, काचघरातल्या काकडीच्या मुळांवर या गाठी पाहिल्या आणि लिहून ठेवल्या. माणसाने थंडीत भाजी खाण्यासाठी उबदार घर बांधले. त्या उबेत सर्वांत आनंदाने नांदला तो हा न बोलावलेला पाहुणा!

उघड्या शेतात शेतकरी पीक पालटून त्याला उपाशी ठेवू शकतो. हरितगृहात ते अवघड. खांब रोवलेले, ठिबकच्या नळ्या पसरलेल्या, कर्ज काढलेले, व्यापाऱ्याशी बोलणे झालेले, आणि सगळे मिरचीच्याच मापाने. त्यामुळे काम्पो दे कार्ताहेनात त्याच मातीत दहा-दहा, वीस-वीस वर्षे मिरचीमागून मिरचीच लागत आली. येथले लोक म्हणतात माती थकते. या थकव्यात सूत्रकृमीचा वाटा मोठा.

विषारी वायूचे दिवस

यावर एकेकाळी एक जालीम उपाय होता. मिथाईल ब्रोमाईड हा वायू प्लास्टिकखाली जमिनीत सोडायचा. काही दिवसांत कृमी, बुरशी, तणाचे बी, सगळे साफ. या वायूला ना रंग ना वास. म्हणून माणसाला धोक्याची सूचना मिळावी यासाठी त्यात डोळ्यांतून पाणी काढणारे दुसरे रसायन थोडेसे मिसळत. मिरचीच्या शिवारात हा वायू इतका अंगवळणी पडला होता, की त्याच्याशिवाय नवा हंगाम सुरू करायचा ही कल्पनाच करवत नसे.

पण मातीतून निसटलेला हा वायू आकाशात जाऊन पृथ्वीभोवतालच्या ओझोनच्या थराला भोके पाडतो, असे सिद्ध झाले. ओझोन वाचवण्यासाठी झालेल्या माँट्रिअल कराराच्या यादीत १९९२ साली त्याचे नाव आले. पुढे १९९७ मध्ये ठरले, की श्रीमंत देशांनी २००५ पर्यंत आणि विकसनशील देशांनी २०१५ पर्यंत शेतीतला त्याचा वापर थांबवावा. पर्याय अजून हाती नाही, असे सांगून स्पेनने मिरचीसाठी २००५ नंतरही थोडी मुदत मागून घेतली. ती संपली, आणि मार्च २०१० पासून युरोपीय संघाने हा वायू पूर्णच बंद केला. त्याच्या जागी येऊ पाहणाऱ्या इतर रसायनांनाही युरोपात एकामागून एक अटी आणि बंदी यांना तोंड द्यावे लागले.

म्हणजे शेतकऱ्यापुढचा प्रश्न सरळ होता. हरितगृह आहे, कर्ज आहे, मातीत कृमी आहे आणि औषधाचा डबा काढून घेतला आहे. आता काय?

मुर्सिया शहराच्या दक्षिणेला, खिंडीच्या पायथ्याशी, ला आल्बेर्का नावाचे गाव आहे. प्रांताची कृषी संशोधन संस्था, इमिदा, तेथेच आहे. वायू अजून मिळत होता तेव्हाच येथल्या शास्त्रज्ञांनी त्याच्याविना मिरची कशी घ्यायची याचे प्रयोग थेट शेतकऱ्यांच्या हरितगृहांत सुरू केले होते. माद्रिदमध्ये सूत्रकृमींचे अभ्यासक अंतोनियो बेयो हेही हाच धोशा लावून बसले होते, की शेणखत, पिकांचा पालापाचोळा यांतूनच मातीचे निर्जंतुकीकरण साधता येईल. तेव्हा पुष्कळांना ते भाबडेपणाचे वाटले असेल. वायूची धुरी कुठे आणि उकिरडा कुठे!

ऊन दाखवायचे, पण झाकून

आपल्याकडे गाद्या-गोधड्यांना ऊन दाखवतात. साठवणीच्या धान्याला, डाळींना ऊन देतात. कोकणात भाताची रोपे टाकण्याआधी जमिनीवर पालापाचोळा जाळून राब भाजतात. उष्णतेने कीड मरते हे घराघरांत ठाऊक असलेले ज्ञान. उघड्या मातीत मात्र उन्हाची धग वरच्या दोन-चार बोटांतच राहते. इस्राएलमध्ये याकोव्ह काटान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ साली दाखवून दिले, की ओल्या मातीवर पारदर्शक प्लास्टिक पसरून ऐन उन्हाळ्यात ती काही आठवडे झाकून ठेवली, तर उष्णता कोंडून खोलवर उतरते आणि रोगजंतू मरतात. ओल महत्त्वाची, कारण ओली माती उष्णता खाली नेते आणि ओलाव्यात जागा झालेला जंतू सुक्या, निद्रिस्त जंतूपेक्षा लवकर मरतो. प्लास्टिक काळे नको, पारदर्शकच हवे. काळे स्वतःच तापते, पारदर्शक मातीला तापू देते.

मुर्सियाकरांनी या उन्हात खत मिसळले. तेही आपल्या शेतकऱ्याला चमकवील असे. खत चांगले कुजलेले हवे, कच्चे घातले तर पीक जळते, हे आपल्याकडे शेतकऱ्याचे पोरही सांगेल. येथे मुद्दाम ताजे, कच्चे खत वापरतात. मेंढ्यांच्या लेंड्या आणि कोंबडखत. ते ओल्या, झाकलेल्या मातीत कुजू लागले की अमोनिया सुटतो, उग्र आम्ले तयार होतात, मातीतला प्राणवायू संपत येतो. एरवी हे सारे पिकाचा जीव घेईल. पण पीक नसताना, बंद दाराआड, ते कृमीचा जीव घेते. मेंढ्यांची येथे वानवा नाही. सेगुरा नदीच्या खोऱ्याच्या नावाने ओळखली जाणारी सेगुरेन्या ही मेंढीची जात याच मुलखातली. आपल्याकडे धनगरांचे कळप उन्हाळ्यात शेतात बसवतात त्याची आठवण यावी, असाच हा व्यवहार. फरक इतकाच, की येथे मेंढ्या येत नाहीत, ट्रकमधून खत येते.

काम असे चालते. ऑगस्टमध्ये शेवटचा तोडा झाला की झाडे उपटायची. खत पसरून मातीत नीट मिसळायचे, ठिबकच्या नळ्या पुन्हा अंथरायच्या, वर प्लास्टिक टाकून कडा मातीत गाडायच्या. मग पाणी सोडायचे, माती खोलवर भिजेपर्यंत. हरितगृहाची दारे लावायची आणि निदान चार ते सहा आठवडे आत काहीच करायचे नाही. वीतभर खोलीवर माती चाळीस अंशांच्या पुढे जाते, वरच्या थरात त्याहून जास्त. बाहेर समुद्रकाठावर सुट्टीला आलेली मंडळी छत्रीखाली पहुडलेली असतात, आणि तेच ऊन येथे शेतावर कामाला लावलेले असते. मजुरी नाही, तक्रार नाही. पण हे प्लास्टिक अंथरणाऱ्या माणसांचे काय होत असेल ते त्या बंद घरात दहा मिनिटे उभे राहिल्यावर कळते. हे काम भल्या पहाटे उरकलेलेच बरे.

पहिल्याच वर्षी वायूइतका गुण येत नाही. वायू सगळे मारतो. उन्हाच्या धगीला काही कृमी दाद देत नाहीत. खोल मातीत, खांबांच्या बुडाशी, भिंतीलगत, जेथे माती पुरती तापत नाही, तेथे ते तग धरतात आणि पुढच्या मिरचीच्या मुळांवर परत येतात. पण तेच हरितगृह दरवर्षी याच पद्धतीने झाकत गेले तर परिणाम साठत जातो, असे मुर्सियाच्या प्रयोगांत दिसून आले. मातीत सेंद्रिय भाग वाढतो, ती भुसभुशीत होते, कृमीला खाणारे, त्याला छळणारे सूक्ष्मजीव वाढीस लागतात. वायूनंतर माती दरवर्षी कोरी पाटी होई; या पाटीवर दरवर्षी थोडे थोडे लिहिले जाते.

शेवटचा तोडा सोडायचा का?

कागदावर हे सोपे. शेतात पेच पडतो तो तारखेचा. उन्हाचा खरा जोर ऑगस्टात. सप्टेंबर संपत आला की सूर्य कलतो, रात्री गार होतात, प्लास्टिकखालची माती तेवढी तापत नाही. ऑक्टोबरमध्ये झाकलेल्या मातीला खताचा गुण येईल, उन्हाचा येणार नाही. पण ऑगस्टात झाडावर अजून फळ असते. भाव बरा असला तर ते झाड उपटायला हात धजत नाही. आणखी आठ दिवस, आणखी एक तोडा असे करता करता पंधरवडा जातो. त्या दोन आठवड्यांत मिळालेली मिरची आज पैसे देते. त्या दोन आठवड्यांत न मिळालेले ऊन पुढच्या मे महिन्यात मुळांवर गाठी होऊन दिसते. ज्याची माती कमी बिघडली आहे तो थांबू शकतो. ज्याची जास्त बिघडली त्याला आधी उपटावे लागते, आणि नेमका त्याचाच हंगाम आधीच तोट्यात असतो. या शिवारातली खरी ओढाताण ही आहे. कोणत्याही औषधाच्या डब्यावर ती छापलेली नसते.

काहींनी दुसरी वाट धरली, ती कलमाची. मिरचीच्या काही जातींत सूत्रकृमीला रोखणारे जनुक असतात. अमेरिकेत दक्षिण कॅरोलिनात असे जनुक घातलेल्या ‘कॅरोलिना वंडर’ आणि ‘चार्ल्स्टन बेल’ या ढोबळी मिरचीच्या जाती १९९७ साली निघाल्या. मुर्सियात अशा प्रतिकारक झाडाचा खुंट घेऊन त्यावर बाजारात चालणाऱ्या मिरचीचे कलम बांधतात, आपल्याकडे आंब्याचे बांधतात तसेच. पहिल्या वर्षी निकाल झकास. पण तोच खुंट तीन-चार वर्षे ओळीने लावला, की त्या मातीत असे कृमी उरतात ज्यांना तो खुंट अडवू शकत नाही, आणि त्यांचेच वंश वाढतात. म्हणून जाणता शेतकरी आता खुंट बदलत राहतो आणि ऊन-खताचा वार्षिक विधी सोडत नाही. एकट्यादुकट्या उपायावर भिस्त ठेवणाऱ्याची या कृमीपुढे फजितीच होते.

खाडीचे देणे

रस्ता पुढे पाण्याशी येऊन थांबतो. ही मैदानाच्या टोकाची चकाकती रेघ. मार मेनोर, म्हणजे धाकटा समुद्र. सुमारे १३५ चौरस किलोमीटरचे खारे सरोवर, कोठेही सात मीटरहून फारसे खोल नाही. ला मांगा नावाची वीस-बावीस किलोमीटर लांबीची वाळूची चिंचोळी पट्टी त्याला भूमध्य समुद्रापासून वेगळे करते. पट्टीवर उंच इमारतींची दाटी झाली आहे. उथळ, उबदार, लाटा नसलेले हे पाणी. येथे कितीतरी मुर्सियाकर लहानपणी पोहायला शिकले. त्यात घोड्याच्या तोंडाचे समुद्रघोडे राहत.

२०१६ साली हे पाणी हिरवेगार झाले. शेवाळाने प्रकाश अडवला आणि तळाची पाणवनस्पतींची कुरणे बहुतांशी मेली. ऑक्टोबर २०१९ मध्ये सान पेद्रो देल पिनातारच्या किनाऱ्यावर मासे, खेकडे, कोळंबी श्वासासाठी काठाशी गोळा झाली आणि तेथेच मेली. ऑगस्ट २०२१ मध्ये पुन्हा तेच. शहरांचे सांडपाणी, जुन्या खाणींची घाण अशी कारणे आहेतच, पण मोठा वाटा शेतांतून वाहून आणि झिरपून येणाऱ्या नत्राचा. लोक रस्त्यावर आले. सहा लाखांहून अधिक सह्या जमल्या. सप्टेंबर २०२२ मध्ये स्पेनच्या संसदेने मार मेनोरला कायद्याने व्यक्तीचा दर्जा दिला. म्हणजे या सरोवराच्या वतीने कोणीही न्यायालयात उभे राहू शकतो. युरोपात असा मान मिळालेले हे पहिलेच पाणी. या चळवळीच्या एक प्रणेत्या, कायद्याच्या प्राध्यापिका तेरेसा विसेन्ते यांना २०२४ चा गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

आता मिरचीकडे वळून पाहावे. बायोसोलरायझेशनच्या पहिल्या वर्षी प्रत्येक चौरस मीटरला दहा किलोपर्यंत खत पडे. हेक्टरला १०० टन! ताज्या खतात शेकडा अर्धा भाग जरी नत्र धरले, तरी हेक्टरी ५०० किलो नत्र झाले. आणि नायट्रेटच्या धोक्याच्या भागात जनावरांच्या खतातून हेक्टरी वर्षाला १७० किलोपेक्षा जास्त नत्र टाकू नये, असा युरोपचा १९९१ पासूनचा नियम आहे. ओझोनचा थर वाचवणारा उपाय खाडीच्या मुळावर यावा, असा हा विचित्र योग.

शेतकऱ्याची बाजूही ऐकली पाहिजे. हरितगृहावर पाऊस थेट पडत नाही, त्यामुळे आतली माती उघड्या रानासारखी धुपून वाहत नाही, आणि खतातले सारे नत्र काही एकदम सुटत नाही. तरीही मुरलेले पाणी भूजलात जाते आणि भूजल हळूहळू खाडीकडे सरकते. म्हणून संशोधकांनी खताचे माप वर्षागणिक खाली आणले. ज्या मातीवर पूर्वी अनेकदा उपचार झाले आहेत तिला पुढे थोडक्यात भागते, हे त्यांना साधकबाधक पाहून कळले होते. शिवाय मेंढीच्या खताऐवजी मोहरीच्या कुळातल्या बियांची पेंड, साखर कारखान्यातली बीटची मळी, उपटलेल्या मिरचीच्याच झाडांचा भुगा यांचे प्रयोग झाले. मोहरीच्या पेंडीतून सुटणारा झणका नाकाला परिचित असतो. तोच झणका कृमीलाही झोंबतो. ऑस्ट्रेलियात जॉन किर्केगार्ड यांनी १९९३ मध्ये या प्रकाराला बायोफ्युमिगेशन असे नाव दिले. यातले कोणते किती चालेल हे जमिनीगणिक बदलते.

महाराष्ट्रातही मावळपासून सातारा, सांगली, नाशिकपर्यंत पॉलीहाऊस उभी राहिली आणि त्यात रंगीत ढोबळी मिरची आली. त्याबरोबर हा कृमीही आला, कधी बाहेरून आणलेल्या लाल मातीतून, कधी रोपांच्या मुळांशी लपून, कधी नुसत्या चपलेला चिकटून. डाळिंब आणि पेरूच्या बागाइतदारांना त्याची ओळख वेगळी करून द्यायला नको. निंबोळी पेंड, झेंडूची आंतरलागवड, कृमीवर वाढणाऱ्या उपयोगी बुरशा हे आपल्याकडचे उपाय. ऊन तर आपल्याकडे मुर्सियाहून प्रखर, आणि तेही सोयीच्या वेळी. पावसाळ्याच्या तोंडाशी लावलेली मिरची एप्रिलच्या सुमारास संपते आणि ऐन मे महिन्यात वाफे रिकामे असतात. शेवटच्या तोड्याचा पेच येथे तेवढा पडत नाही. पेच पडतो पाण्याचा. प्लास्टिकखालची माती भिजवायला पाणी हवे तेव्हाच विहीर तळाला गेलेली असते. मुर्सियात पाणी कालव्याने येते पण ऊन निघून जाते. येथे ऊन थांबते पण पाणी जाते.

गच्चीवर कुंडीत टोमॅटो-मिरची लावणाऱ्यांनीही झाड काढताना एकदा मुळे धुऊन पाहावीत. गाठी दिसल्या तर ती माती दुसऱ्या कुंडीत मिसळू नये. ओली करून पारदर्शक पिशवीत पातळ थरात भरावी, तोंड बांधावे आणि मे महिन्याच्या कडक उन्हात काही आठवडे गच्चीवर ठेवावी. मुळे मात्र कचऱ्यात टाकावीत, खताच्या खड्ड्यात नकोत.

काम्पो दे कार्ताहेनात ऑगस्ट उजाडला की मिरचीच्या रांगांतून हाच प्रकार मोठ्या मापाने होतो. प्रत्येक कोपऱ्यातले, मधले, दाराजवळचे असे एकेक झाड उपटतात. मुळे झटकतात, बादलीत बुचकळतात आणि उजेडात धरून पाहतात. संशोधक गाठींना ० ते १० असे गुण देतात. शून्य मिळाले की पहिला नंबर, अशी ही जगावेगळी परीक्षा. शेतकरी आकडा लिहीत बसत नाही. तो मूळ बोटांत फिरवतो, वर झाडावर उरलेल्या फळांकडे पाहतो, मग दाराबाहेरच्या उन्हाकडे, आणि खताचा ट्रक या आठवड्यात बोलवायचा की पुढच्या, ते ठरवतो.